वाघजाईची पंगत

"हे बघ, ही आपली पोरं," असं म्हणत अण्णांनी खिशातून सोड्याच्या बाटल्यांची पाच बुचं काढली आणि तालमीच्या पायरीवर एका ओळीत मांडली. मग चुन्याच्या डबीचं झाकण काढून ते थोडं लांब ठेवलं. "आन् हा गोल. कॉर्नर मिळाला की पोरं अशी शिस्तीत वळीनं बसणार."

"बसणार?"

"उभी ऱ्हाणार रं. पण पंगतीला बसल्यागत, खांद्याला खांदा लावून. समोरच्याला वाटतंय, ह्यास्नी झालं काय? आन् हा एकटा," अण्णांनी खिशातून सहावं बूच काढून ओळीच्या मागं, बाजूला ठेवलं, "हा खाली वाकून बुटाची लेस बांधालाय. ह्याच्याकडं कोण बघंल?"

"कोणी नाही."

"कॉर्नर मारणाऱ्यानं हात वर केला, की पंगत उठली. पाचीच्या पाची फर्स्ट पोस्टवर, म्हंजे जवळच्या खांबाकडं पळाली. त्यांच्या मागं समोरचे सगळे डिफेंडर पळाले. आन् हा लेसवाला चालत चालत सेकंड पोस्टवर, लांबच्या खांबाकडं. बॉल ह्येच्या डोक्यावर. हा आपला वाढपी." सहावं बूच त्यांनी झाकणात टाकलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू गोल खरोखरच झाला होता.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. अण्णा, म्हणजे आनंदराव इंगवले, आमच्या पेठेतल्या वाघजाई तालमीच्या फुटबॉल संघाचे कोच. कोल्हापुरात ज्या तालमी कुस्तीच्या, त्यांचेच फुटबॉलचे संघ. अण्णा मूळचे लाल मातीतले, त्यामुळं कॉर्नर असो, फ्री किक असो की थ्रो, त्यांच्या लेखी सगळे डावच. प्रत्येक डावाला त्यांनी बारसं करून नाव ठेवलेलं असायचं.

मी इंद्रजित, पेठेत इंदर. फुटबॉलच्या गावात जन्मून मला बॉल सरळ मारता येत नव्हता, ही माझी लहानपणापासूनची नामुष्की. म्हणून इंजिनिअर झाल्यावर सूड उगवावा तसा मी मोबाईलवरचा फुटबॉलचा गेम केला. नाव ठेवलं 'पेठ इलेव्हन'. त्यात तुम्ही खेळाडू नसता, मॅनेजर असता. गावातल्या तालमींपैकी एक घ्यायची, कुणाला कुठं खेळवायचं ते ठरवायचं आणि सामना लागला की नखं खात बघत बसायचं. प्रत्येक खेळाडूला मी वीसपैकी गुण दिले होते. त्यावरून रस्त्यात मला शिव्या पडायच्या आणि त्या मला मनापासून आवडायच्या.

सगळ्यात मोठी शिवी दिगूची. दिग्विजय माळी माझा शाळेपासूनचा दोस्त आणि वाघजाईचा फॉरवर्ड. त्याला मी हेडिंगला अकरा गुण दिले होते. "अकरा? लेका, दोन सीझनात चौदा गोल मारलेत मी डोक्यानं! तुझा गेम मी मेलो तरी उघडणार न्हाई," असं म्हणून त्यानं खरंच तो फोनमधून काढून टाकला. तरी रोजचा संध्याकाळचा चहा मी त्याच्याच घरी प्यायचो.

त्याची बायको स्नेहल, नवरंग तालमीच्या पेठेतली. तिचा सख्खा भाऊ ऋतुराज नवरंगचा स्टॉपर, बचावाच्या मधोमध भिंतीसारखा उभा राहणारा गडी. वाघजाई आणि नवरंगचं वैर इतकं जुनं, की या दोघांच्या लग्नात दोन पेठांची पोरं मांडवाच्या दोन टोकांना जेवायला बसली होती. दिगू नवरंगचा जावई झाला हे आमच्या पेठेनं त्याला कधी पुरतं माफ केलं नाही. तो गोल मारायचा म्हणून चालवून घेत होते, एवढंच. स्नेहल मात्र सगळं हसण्यावारी न्यायची. "भावजी, तुमच्या गेममधी मला बी घाला की. दोन्ही टीमला चहा करून देतो मी," असं म्हणायची. आमच्याकडच्या मुली स्वतःबद्दल असंच देतो-घेतो बोलतात.

त्या वर्षी फायनल वाघजाई विरुद्ध नवरंग अशी लागली. वाघजाईनं एकोणीस वर्षांत तो चषक हातात धरला नव्हता. आणि नेमकी त्याच सुमारास मी गेमची नवी आवृत्ती काढत होतो. खेळणाऱ्यांच्या दोनच मागण्या होत्या. एक, खऱ्या सामन्याआधी हव्या त्या संघाशी सराव सामने खेळता यावेत. दुसरी, कॉर्नर आणि फ्री किकला कोण कुठं उभं राहणार, कोण कुठं पळणार, याची तालीम घेता यावी. त्यासाठीच मी अण्णांच्या पायरीवर वही घेऊन बसलो होतो.

"अण्णा, ही पंगत गेममध्ये घालू?"

"घाल की. वाघजाई म्हटल्यावर वाघजाईचाच डाव पायजे. आन् गेममधी कोण बघतंय?"

"खऱ्या मॅचमध्ये कधी लावणार?"

"फायनलला. त्येच्या आधी न्हाई. वर्सभर पोरं पहाटं कारखान्याच्या मैदानावर जाऊन सराव करत्यात. अकरा पोरं आन् मी, एवढ्या बाराजणांस्नीच ठावं हाय. तेरावा तू."

तेरावा होण्याचा मला कोण अभिमान वाटला! घरी जाऊन मी लगेच कामाला लागलो.

मी काय केलं ते नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. तुम्ही स्वतः वाघजाई घेतलीत, तर डावांची पाटी कोरी. तुमचे डाव तुम्ही बसवायचे. पण तुम्ही दुसरी तालीम घेतलीत आणि समोर वाघजाई आली, तर तिला कॉम्प्युटर खेळवणार आणि प्रत्येक कॉर्नरला पंगत लावणार. म्हणजे पंगत दिसणार ती फक्त वाघजाईविरुद्ध खेळणाऱ्याला. आमच्या पेठेतलं कुणी, गेममध्ये का होईना, वाघजाईविरुद्ध खेळायला बसणं शक्यच नव्हतं. मीसुद्धा त्यातलाच. वाघजाईला हरताना बघवणार नाही म्हणून पंगत नीट चालते का हे तपासताना मी ती एका भलत्याच तालमीला लावून बघितली होती. आमचा डाव आमच्या पेठेला सोडून बाकी सगळ्यांना दिसेल, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही.

आमच्या खेळाडूंपैकी कुणी तरी गेम उघडून बघेल आणि बोंब मारेल, तर तीही सोय नव्हती. फायनलच्या आधी आठवडाभर सगळ्या खेळाडूंचे फोन तालमीच्या कपाटात कुलपात, हा अण्णांचा नियम. रविवारी फोन कपाटात गेले. सोमवारी माझी नवी आवृत्ती बाहेर पडली.

शुक्रवारी दुपारी मी सलूनमध्ये केस कापायला बसलो होतो. गळ्याभोवती कापड, डोकं खाली. मागच्या बाकड्यावर दोन पोरं मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसली होती. आरशात त्यांच्या जर्सीचा निळा रंग दिसला. नवरंगची होती.

"हे बघ, बसली पंगतीला," एकजण म्हणाला.

"आन् हा लेस बांधालाय. धर त्येला, धर!"

"धरला. गेला बॉल बाहेर. ऋत्यानं सोमवारपास्नं पंचवीस सराव सामने मारलेत वाघजाईबरोबर. म्हणतोय, दर कॉर्नरला ह्योच डाव. आपल्या कोच सरांस्नी बी दावलाय."

"पण खरं बी ह्योच लावत्यात कशावरनं?"

"हा गेम काढणारा वाघजाईच्याच पेठेतला हाय न्हवं?"

न्हाव्याची कात्री माझ्या कानामागं चालू होती. डाव्या बाजूचे केस कापून झाले होते, उजव्या बाजूचे राहिले होते. मी तसाच उठलो, कापड खुर्चीवर टाकलं आणि घराकडं पळत सुटलो.

पंगत काढून टाकायला चार मिनिटं लागली. सुधारलेली आवृत्ती सगळ्यांच्या फोनवर पोचायला शनिवारची सकाळ उजाडली. गेममधून पंगत पुसली गेली. ज्या डोक्यांत ती शिरली होती तिथून ती पुसायची काही सोय माझ्याकडं नव्हती.

शनिवारी सकाळी मी तालमीत गेलो. फायनलच्या आदल्या दिवशी देवीपुढं जर्सी आणि बूट मांडून पूजा करतात. सगळा संघ अंघोळ करून, कपाळाला गुलाल लावून उभा होता. अण्णा पाटावर बसले होते. दिगू कोपऱ्यात नारळ सोलत होता. मी अण्णांच्या कानाशी वाकलो, पण माझा आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला.

"अण्णा, उद्या पंगत नका लावू."

घंटा वाजवणारा थांबला. अण्णांनी मान वळवली. "का रं?"

"त्यांना कळलं असलं तर?"

"कोण सांगणार त्यांस्नी?"

मी मान खाली घातली. ती वर केली तेव्हा नेमका दिगू समोर होता. नारळ हातात धरून तो माझ्याकडं बघत होता आणि बाकीचे आम्हा दोघांकडं.

"देवीपुढं अपशकुनी बोलू नगंस," अण्णा म्हणाले. "परसाद घे आन् घरला जा. आन् ते केस पुरं काप."

सगळे हसले. कुणीतरी माझ्या हातावर पेढा ठेवला. तो तोंडात होता म्हणून बोलता आलं नाही, असं पुढं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी भ्यालो. बारा माणसं आनंदात होती आणि त्यांच्यात उभं राहून 'मी घाण करून ठेवली आहे' हे सांगायचा मला धीर झाला नाही. मनाची समजूत घातली, की एवढ्या गडबडीत कुणाला आठवतंय? मोबाईलमधला डाव तो मोबाईलमधला.

रविवारी स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नव्हती. पहिला अर्धा भाग बरोबरीत गेला. दुसऱ्या भागात आम्हाला कॉर्नर मिळाला. अण्णांनी मैदानाबाहेरून टोपी काढून डोक्यावर हात फिरवला. ती खूण. पाच पोरं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. दिगू मागं वाकला आणि बुटाच्या लेसला हात घातला.

मी गॅलरीत उभा होतो. नवरंगचा एकही माणूस पंगतीकडं बघत नव्हता. ऋतुराज शांतपणे चालत आला आणि दिगूच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याची लेस बांधून व्हायची वाट बघत असल्यासारखा. नवरंगच्या बाजूनं आरोळी उठली, "दाजी, सावकाश बांधा!"

बॉल आला. ऋतुराजनं तो डोक्यानं बाहेर काढला.

दुसऱ्या कॉर्नरला तेच. तिसऱ्या वेळी मी गॅलरीतून बोंबललो, "अण्णा, नको! बदला!" पंधरा हजार माणसांच्या गोंगाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. खाली जाळीपर्यंत जायला बघितलं तर माणसांनी हलू दिलं नाही. पंगत उठली, पळाली. दिगू सेकंड पोस्टवर पोचायच्या आधीच तिथं ऋतुराज उभा होता. त्यानं बॉल छातीवर घेतला, लांब मारला आणि आमचे सगळे पुढं आलेले असताना नवरंगचा एकटा फॉरवर्ड मोकळ्या मैदानातून पळत गेला. एक-शून्य. सामना तिथंच संपला. चषक नवरंगच्या पेठेत गेला.

सोमवारी संध्याकाळी तालमीत बैठक बसली. मी लॅपटॉप घेऊन गेलो. सगळे खाली मांडी घालून बसले होते. दिगू भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती.

"डाव बाहेर गेला," अण्णा म्हणाले. "ज्यानं नेला त्यानं आता सांगावं. वाघजाईत फितुराला जागा न्हाई. नावानिशी तालमीच्या फळ्यावर लिवू आन् संघातनं काढू."

सगळे दिगूकडं बघत होते. दिगूचा जीव फुटबॉलमध्ये होता. त्या फळ्यावर ज्याचं नाव फितूर म्हणून लागलं त्याला गावात कुठलाच संघ दारात उभा करणार नव्हता, आणि पेठेत तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

"अण्णा, माझ्याकडून गेला," मी म्हणालो. "गेममधून."

मी सगळं सांगितलं. सलून, पंचवीस सराव सामने, शुक्रवारी घाईघाईनं काढलेली पंगत, सगळं. कॅप्टननं खिशातून आपला फोन काढला, गेम उघडला, नाइलाजानं नवरंग घेतली आणि वाघजाईशी सराव सामना लावला. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. वाघजाईला कॉर्नर मिळाला. खेळाडू कसेही उभे राहिले.

"कुठाय पंगत?"

"मी शुक्रवारी काढली. हे बघा, जुनं इथं आहे." मी लॅपटॉपवर जुनी आवृत्ती चालवली. पंगत बसली, उठली, वाढपी सेकंड पोस्टवर गेला.

कॅप्टननं मान हलवली. "हे तर तुला आत्ता बी करता येतंय. येतंय का न्हाई?"

येत होतं. मी "हो" म्हणालो. त्या वेळी खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं.

"म्हंजे घातलीस बी तू, काढलीस बी तू, आन् आमच्यातल्या कुणी बघितली न्हाई. बरं, तुला पंगत सांगितली कुणी?"

मी अण्णांकडं बघितलं. ते समईची वात सारखी करत होते.

"अण्णांनी," मी म्हणालो. "पायरीवर. बुचं मांडून."

"मी?" अण्णांचा हात थांबला नाही. "लेकरा, तीस वर्सं मी पोरं घडवालोय. सख्ख्या भावाला कधी डाव सांगितला न्हाई मी. तुला सांगीन?"

त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

"शनिवारी हा देवीपुढं बोलला तवाच दिग्याकडं बघत हुता," कॅप्टन म्हणाला. "ह्याला ठावं हुतं. आता दोस्ताला वाचवाय गेमचं सोंग काढलंय." चारपाच जणांनी माना डोलावल्या. माझ्या हातातला लॅपटॉप मला एकदम वीट धरल्यासारखा वाटला. मी आणखी काहीबाही बोललो. सलूनमधल्या त्या पोरांची नावं सांगता येईनात, सलूनवाल्यानं काही ऐकलं नव्हतं. दुसऱ्या पेठांतल्या कुणाला विचारावं, तर ज्यानं त्यानं आपापल्या वैऱ्याशी सराव सामने खेळलेले. मी जितका बोलत गेलो तितका खोटा ठरत गेलो.

तेवढ्यात दिगू उठला.

"इंदरला काय बोलू नका. त्यो भला हाय, म्हणून करालाय," तो म्हणाला. "मी न्हाई सांगितलं कुणाला. आईची आण. पण माझ्या घरातनं गेलं."

"म्हंजे?"

"महिन्यामागं स्नेहलला कपबश्या मांडून दावला हुता मी डाव. कौतुकानं. तिनंच सांगितलं असणार भावाला."

"दिगू, तसं नाहीये!" मी ओरडलो. "मी सांगतोय ना..."

"तू गप बस की रं आता!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "सकाळपास्नं विचार करालोय. दुसरं कुठनं जाणार?"

बैठकीनं सुस्कारा सोडला. मला तो ऐकू आला. कुणाला तरी फितूर म्हणायचं होतं, आणि आता ते नाव तालमीच्या फळ्यावर लिहावं लागणार नव्हतं. अण्णा म्हणाले, "मग खेळाडूचा दोष न्हाई. बाईमाणसाचं माहेराकडं मन वढणारच. दिगू संघात ऱ्हाईल." कॅप्टननं जाऊन दिगूच्या खांद्यावर हात ठेवला. बाकीचे त्याच्या शेजारी सरकून बसले.

बाहेर पडताना अण्णांनी पायरीपाशी माझं मनगट धरलं. पकड पैलवानाची होती, पण बोलणं अगदी हळू.

"पोरांचा इस्वास माझ्यावर हाय, इंदर. एवढाच हाय बघ ह्या तालमीजवळ. त्यो गेला तर काय उरतंय?"

"आणि स्नेहल, अण्णा?"

त्यांनी मनगट सोडलं आणि ते आत गेले.

मंगळवारी मी नवरंगच्या पेठेत गेलो. आमच्या पेठेतलं माणूस तिथं सहसा जात नाही. ऋतुराज त्याच्या टायरच्या दुकानात होता, गळ्यात फायनलचं पदक घालूनच पंक्चर काढत होता.

"गेम?" तो हसला. "कसला गेम? आमच्या सरांनी अभ्यास केला. परवा सत्कार हाय त्यांचा."

"तू पंचवीस सराव सामने खेळलास."

"कोण म्हणतंय?"

"ऋतुराज, तुझ्या बहिणीवर आळ आलाय. दिगू तिच्याशी बोलत नाही. तू एकदा येऊन सांग, की गेममध्ये बघितलं. बास."

त्याचं हसू गेलं. त्यानं पाण्याच्या टबातून ट्यूब बाहेर काढली, पुन्हा बुडवली. "म्हंजे सरांचा सत्कार हुताना मी सांगू, की आम्ही मोबाईलवर बघून जिंकलो? पेठ मला जित्ता ठेवंल?" बुडबुडे येत होते तिथं बोट ठेवत तो म्हणाला, "दाजी तापट हाईत. दोन दिवसांत निवळत्यात. तुम्ही कशाला मधी पडता?"

दाजी निवळले नाहीत. बुधवारी दुपारी मी दिगूच्या घरी गेलो तेव्हा तो कामावर होता. दार उघडं होतं. स्नेहल पलंगावर साड्यांच्या घड्या करून बॅगेत भरत होती. मला बघून ती थांबली नाही.

"बसा, भावजी. चहा ठेवायला दूध न्हाई."

"स्नेहल, तू काही सांगितलं नाहीस, हे मला माहीत आहे. डाव माझ्या गेममधून गेला."

"ते मला बी माहीत हाय."

मी दारातच उभा राहिलो. "म्हणजे?"

"शुक्रवारी मी माहेरी गेलो होतो. ऋतू सोफ्यावर लोळून तुमचाच गेम खेळालता. म्हणाला, ताई, बघ दाजी कसा लेस बांधालाय. मी लगेच वळखलं. ह्यांनी कपबश्यांनी दाखवला होता तोच डाव." तिनं घडी केलेली साडी उलगडली आणि पुन्हा घडी घातली. "मी ऋतूला म्हणालो न्हाई, की खरा डाव ह्योच हाय. घरी येऊन ह्यांना बी म्हणालो न्हाई, की त्यांस्नी कळलंय. नवऱ्याचं भावाला सांगायचं न्हाई, तर भावाचं नवऱ्याला तरी कसं सांगू? दोघांचं बी पोटात ठेवलं."

"मग आता सांग दिगूला. तू डोळ्यांनी बघितलंयस. माझं त्याला पटत नाही, तुझं पटेल."

"काय पटंल?" ती पहिल्यांदाच माझ्याकडं वळली. ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "म्हणतील, शुक्रवारी ठाऊक होतं आन् शनिवारभर माझ्यासमोर गप बसलीस. ते खरंच हाय, भावजी. आन् ऋतूचं नाव घेतलं, तर त्याची पेठ त्याला सोडंल का? मग आईबाप मला दारात उभं करतील?"

मला तिला सांगायचं होतं, की शुक्रवारी मलाही ठाऊक होतं आणि शनिवारी मीही गप्प बसलो. पण माझं कुणी काही वाकडं केलं नव्हतं. मी कुणाला पटवून द्यायला गेलो तरी माझ्यावर आळ यायला तयार नव्हता.

तिनं बॅगेची चेन ओढली. मध्येच अडकली. मी पुढं होऊन ओढून दिली.

"मी सांगू का दिगूला? तू ऋतुराजच्या फोनवर बघितलंस ते?"

"नको," ती म्हणाली. "एक घर तरी ऱ्हाऊ दे मला."

मी खाली उतरून रिक्षा बोलावून आणली. स्नेहलनं ऋतुराजच्या फोनवर बघितलं होतं, ते दिगूला मी आजवर सांगितलेलं नाही. दोन वर्षांनी त्यानं दुसरं लग्न केलं, तेव्हाही नाही.